छप्पन्न गीतांचा गीतकार

मराठी साहित्यव्यवहारात कवी आणि गीतकार अशा दोन पंक्ती मांडल्या जातात आणि गीतकाराचे पान बहुधा खालच्या पंक्तीला वाढले जाते. कवी अंतःप्रेरणेने लिहितो, गीतकार मागणीवरून लिहितो, असा हा हिशेब आहे. तो कितपत खरा, हे पाहण्यास ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतरामायणा'सारखे दुसरे उदाहरण नाही.

१ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे जन्मलेल्या माडगूळकरांचे बालपण तत्कालीन औंध संस्थानातील माडगूळ गावी गेले. मॅट्रिकच्या परीक्षेत यश आले नाही. कोल्हापुरास चित्रपटसृष्टीत त्यांचा प्रवेश झाला तो लहानशा भूमिकांतून. काही काळ ते वि. स. खांडेकरांचे लेखनिकही होते. चित्रपटात प्रसंग दिग्दर्शकाचा, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा. गीतकाराने शब्द तेवढे पुरवावयाचे, आणि तेही अंगाच्या मापाने बेतून! १९४७ च्या 'रामजोशी'पर्यंत ही कला माडगूळकरांच्या हाती पुरती बसली होती.

'गीतरामायण' हीदेखील मागणीच होती. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी ती केली आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्यास एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने पुढील रामनवमी लांबली आणि १९ एप्रिल १९५६ पर्यंत गीतांची संख्या ५६ झाली. गीत लिहून व्हावयाचे, सुधीर फडके यांनी त्यास चाल लावावयाची, गायकाने ते बसवावयाचे आणि ठरल्या वेळी ते श्रोत्यांच्या कानी पडावयाचे. पहिल्याच गीताचा कागद हरवला व माडगूळकरांना ते पुन्हा लिहावे लागले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आकाशवाणीची वेळ कोणासाठी थांबत नाही.

कथा तर सर्वांस ठाऊक. वाल्मीकींचे सुमारे २४,००० श्लोक, विमलसूरींचे महाराष्ट्री प्राकृतातील 'पउमचरियं', एकनाथांचे 'भावार्थरामायण', मोरोपंतांची अनेक रामायणे; एवढ्यांनी गायिलेल्या कथेत नवे काय सांगावयाचे? माडगूळकरांनी कथा स्वतः सांगण्याचे टाळले. कौसल्या, सीता, भरत, शूर्पणखा अशा पात्रांनाच त्यांनी बोलते केले. बोलणाऱ्याचे वय, अधिकार आणि मनःस्थिती पाहून शब्द आला. पंडिती शब्दाचा मोह आवरला गेला. रेडिओवर ऐकणाऱ्यास मागचे पान उलटता येत नाही, याचे भान प्रत्येक ओळीत आहे. छंद इतका नेटका की हिंदी, गुजराती, कन्नड आदी भाषांतील अनुवाद मूळ चालींवर गाता आले. प्रसारणाच्या वेळी लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, अशा आठवणी आजही सांगितल्या जातात.

माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी निवर्तले. पुढेही अनेक वर्षे हे काव्य सभागृहांत गायिले फडक्यांनी, आणि पुष्कळांच्या मनात ते 'बाबूजींचे गीतरामायण' म्हणूनच राहिले. रचनेतही असेच काही घडते. पहिल्या गीतात कुश-लव प्रत्यक्ष श्रीरामांसमोर गातात. ते गीत ज्याने रचले ते वाल्मीकी मात्र अखेरच्या, छप्पन्नाव्या गीतात बोलतात. आणि तेही बालकांना गावयास धाडताना.