टिंब ओळीच्या टोकाशी का थांबते

रेग्युलर एक्स्प्रेशन या मजकुरातले नमुने शोधण्याच्या चिन्हपद्धतीत टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. पण मजकुरात ओळ तुटली की टिंब तिथेच अडते. तीन-चार ओळींत पसरलेली टिप्पणी शोधू पाहणारा नवा प्रोग्रामर हमखास इथे ठेचकाळतो.

गणितात ही अडचण नव्हती. स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये मज्जापेशींच्या जाळ्यांचा अभ्यास करताना ही चिन्हपद्धती घडवली, तेव्हा तिच्यात ओळ नव्हतीच. होती फक्त चिन्हांची माळ. बेल लॅब्समधल्या केन थॉम्पसन यांनी ती क्यूईडी या मजकूर-संपादकात आणली, १९६८ मध्ये तिचा अल्गोरिदम प्रसिद्ध केला आणि पुढे युनिक्सच्या ईडी या संपादकात उतरवली. समोर पडदा नसे. टेलिटाइप कागदावर मजकूर छापी, त्यामुळे ईडीचा सारा कारभार ओळींच्या हिशेबाने चाले: अमुक ओळ छाप, तमुक ओळ बदल. नमुनाही एका वेळी एकाच ओळीशी ताडला जाई. टिंबासमोर ओळतोड यायचीच नाही.

ग्रेप हे शोधसाधन याच ईडीतून निघाले. थॉम्पसन यांचे सहकारी ली मॅकमॅहन यांना फेडरलिस्ट निबंधांचा मजकूर तपासायचा होता आणि तो ईडीत मावेना. तेव्हा थॉम्पसन यांनी शोधाचे काम सुटे केले. ओळ वाचायची, ताडायची, सोडून द्यायची. तुटपुंज्या मेमरीत यापेक्षा चांगला मार्ग क्वचितच सापडला असता.

मेमरी वाढली तरी सवय राहिली. १९८७ मध्ये रॉब पाइक यांनी युनिक्सच्या या ओळनिष्ठेवर टीका केली. ती रास्तच होती, कारण प्रोग्राममधली रचना ओळीत मावतेच असे नाही. त्यांच्या सॅम संपादकात नमुना ओळ ओलांडू शके.

त्याच वर्षी आलेल्या पर्ल या भाषेत अख्खी फाइल एका व्हेरिएबलमध्ये घेता येई. आता ओळतोड खरोखर टिंबासमोर आली. सुरुवात दाखवणारे ^ आणि शेवट दाखवणारे $ प्रत्येक ओळीला जुळावेत यासाठी सुरुवातीला एकच ग्लोबल व्हेरिएबल होते. ते बदलले की प्रोग्रामभर जुळणीचे नियम बदलत. १९९४ च्या पर्ल ५ ने प्रत्येक नमुन्यापुरती सोय केली: नमुन्यामागे ‘एम’ लावला की ^ आणि $ प्रत्येक ओळीच्या टोकांना जुळतात, ‘एस’ लावला की टिंब ओळ ओलांडते. पायथॉननेही हीच विभागणी ठेवली. जावास्क्रिप्टला मात्र ‘एस’ २०१८ मध्ये मिळाला.

रूबी या भाषेची वाट वेगळी. तिथे ^ आणि $ नेहमीच प्रत्येक ओळीला लागू होतात आणि ‘एम’ टिंबाला मोकळे करतो. म्हणून ईमेल तपासणाऱ्या नमुन्यात ही चिन्हे वापरली, तर एक ओळ बरोबर लिहून दुसऱ्या ओळीत घातक कोड सरकवता येतो. रूबीवर बांधलेल्या रेल्स या फ्रेमवर्कच्या आवृत्ती ४ पासून तपासणीत असा नमुना दिला, की मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय फ्रेमवर्क तो नाकारते.