कुठे न्यायचे?

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमचे थोरले बंधू घरी नव्हते. पाटावर केरसुणी, वही, नाणी, लाह्या-बत्तासे सारे मांडून झाले होते. मुहूर्त टळत चालला तशी वहिनींनी हाताने खूण केली आणि पुतण्याने पूजा उरकली. रात्री साडेदहाला दोन माणसांनी अण्णांना धरून आणले. कुणी काही बोलले नाही. गेली अकरा वर्षे न बोलण्याचीच सवय आमच्या घराला लागलेली. मात्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्याकडे आल्या, फराळाचा डबा ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, चार ठिकाणी हिंडता. यांना कुठं न्यायचं ते आता तुम्हीच शोधून काढा. मला घराबाहेरचं काही कळत नाही."

खरे सांगायचे तर मलाही कळत नव्हते. माझ्या दोन कादंबऱ्यांत दारुडा आहे आणि दोन्हीकडे मी त्याला शेवटी मारून टाकले आहे. कादंबरीकाराला ते सोपे जाते. सख्ख्या भावाच्या बाबतीत पुढचे प्रकरण लिहावे लागते, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मी एक शंभर पानी वही केली. आपल्या राज्यात व्यसन सोडवणाऱ्या जागा कोणकोणत्या, तिथे काय करतात, किती दिवस ठेवतात, पैसे किती घेतात, हे टिपायला सुरुवात केली. शिक्षकाची खोड अशी की कुठलीही गोष्ट तो मुळापासून काढू पाहतो. महिन्याभरात वहीची उजवी पाने पत्त्यांनी भरली आणि डावी पाने इतिहासाने. पुढे पुढे असे दिसू लागले की डाव्या पानावरचे जुने महाराष्ट्र उजव्या पानावर अजून नांदते आहे.

आपल्याकडची सर्वांत जुनी जागा पंढरपूर. दारू सोडायची म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालायची. तिला ना कचेरी ना रजिस्टर, आणि तिने किती संसार वाचवले त्याची मोजदादही नाही. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले. बाबांनी पुढे मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न ठेवता गोडाचे जेवण घातले आणि जन्मभर कीर्तनांतून लोकांना दारूवरून फैलावर घेतले. या जागेत दारू हे पाप आहे आणि पापाला पश्चात्ताप हे औषध आहे. ज्याला ते लागू पडते त्याला फार पक्के लागू पडते. ज्याला नाही त्याची पंचाईत अशी की माळ तुटली म्हणजे तो आपल्याच नजरेत दुप्पट पापी ठरतो. आमच्या अण्णांनी दोनदा माळ घातली होती. दुसरी त्यांनी स्वतःच काढून देवघरात ठेवली, ती अजून तिथेच आहे.

मग इंग्रज आला. दारूकडे तो पाप म्हणून पाहत नव्हता, उत्पन्न म्हणून पाहत होता. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्या-विकण्याचा मक्ता सरकारच्या हाती आवळला गेला. 1892 साली मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला. ठाणे-कुलाब्याच्या रानातल्या माणसाला झाडाखाली पडलेले फूल गोळा करून घरात ठेवणेही अवघड झाले. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. पुढे 1908 साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले, त्यामागे टिळक उभे होते. दुकान बंद करा असे सगळे म्हणत होते. पिणाऱ्याला कुठे न्यावे हे कुणी विचारत नव्हते. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते 1919 साली. सिंधूच्या दुःखाने महाराष्ट्राच्या पिढ्या रडल्या, पण सुधाकराला न्यायला सिंधूपाशी जागाच नव्हती, हे मला इतक्या वर्षांनी, वहिनींच्या त्या वाक्यानंतर, प्रथम जाणवले.

नाही म्हणायला एक जागा होती, वेड्यांचे इस्पितळ. कुलाबा, पुणे, रत्नागिरी येथे सरकारी वेड्यांची इस्पितळे होती आणि नशेने भ्रमिष्ट झालेला माणूस पोलिसांच्या हातून तिथे पोचत असे. 1893-94 साली सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने अकराशेंहून अधिक साक्षी घेतल्या, अहवालाचे सात खंड झाले. गांजाने वेड लागते असे जे सारे धरून चालले होते, त्याचा आधार म्हणजे इस्पितळांची रजिस्टरे. आयोगाने ती रजिस्टरे उघडून त्यांच्या उगमापर्यंत शोध घेतला. तेव्हा आढळले ते असे: माणूस आत घेताना 'वेडाचे कारण' असा एक रकाना भरावा लागे. रस्त्यात सापडलेल्या अनोळखी माणसाच्या वेडाचे कारण पोलिसाला काय ठाऊक असणार? पण रकाना मोकळा ठेवायचा नाही. मग तो 'गांजा' असे लिहून मोकळा होई, इस्पितळातला कारकून तेच उतरून घेई आणि वर्षअखेर त्याचे कोष्टक बनून विलायतेपर्यंत जाई. हाजरीपटाचे रकाने वीस वर्षे भरत आलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून हसूही आले आणि अंगावर काटाही आला. किती माणसांचे आयुष्य अशा एका शब्दात उरकले गेले असेल!

स्वराज्याने तिसरी जागा दिली, ती म्हणजे कोठडी. मुंबई शहरात 1 ऑगस्ट 1939 रोजी दारूबंदी पुकारली गेली. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर हे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. ती फार टिकली नाही. मग 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून मुंबई राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. मोरारजीभाईंच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही; गरिबाच्या चुलीसाठीच तो खटाटोप होता. पण त्या कायद्यात पिणारा हा गुन्हेगार होता. मौज अशी की पैसेवाल्याला डॉक्टरचा दाखला जोडून 'प्रकृतीसाठी' परवाना काढता येई, आणि गिरणीतला माणूस हातभट्टीवर किंवा मुंबईच्या 'आंटी'च्या अड्ड्यावर जाऊन पोलिसांच्या तावडीत सापडे. एकच रोग, पण एकाला त्यासाठी दाखला आणि दुसऱ्याला खटला! पुढे कायदा सैल होत गेला. परवान्याचे कलम मात्र पुस्तकात आजही आहे. वर्धा, गडचिरोली या जिल्ह्यांतली दारूबंदी टिकून आहे. चंद्रपूरची 2015 साली आली आणि 2021 साली उठली. बंदीने उपयोग होतो की नाही या वादात मी शिरत नाही. आमच्या गावाला बंदी नाही, आणि माझा प्रश्न अण्णांचा होता.

दारू हा आजार आहे, ही चौथी समजूत आपल्याकडे उशिरा आली आणि बरीचशी बाहेरून आली. अमेरिकेत 1935 साली एक शेअरबाजारातला गृहस्थ आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांशी बोलून न पिता राहू लागले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' निघाले आणि 1957 साली ते भारतात आले. या मंडळींच्या बैठकीला ना फी लागते ना आडनाव. आपल्या तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेच्या वर्गात संध्याकाळी चाललेली ही बैठक मी पाहिली, तेव्हा लहान बाकांवर अवघडून बसलेली ती मोठी माणसे पाहून मला फार बरे वाटले. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 1981 साली 'कृपा' सुरू केले.

त्याच सुमारास मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत 'गर्द' शिरली. चांगल्या घरांतली मुले घरातली भांडी विकू लागली. 1985 साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिले. ते लेखन पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मनाला लागले आणि त्यांनी या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या आणि त्या रुग्णालयाच्या आवारातच ही नवी जागा निघाली. इतिहास असा गंमत करतो! ज्या भिंतीआड एकेकाळी नशेबाजाला वेडा म्हणून ढकलीत, त्याच भिंतीआड त्याला प्रथम 'मित्रा' म्हणून हाक मारली गेली. अनिताबाई 1997 साली गेल्या, अनिल अवचट 2022 साली. तिथे काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेले पुष्कळ आहेत, आणि पिणाऱ्याच्या बायकोचेही ऐकून घ्यायचे असते, हे महाराष्ट्राला त्यांनी शिकवले.

आता वहीची उजवी पाने.

पहिली जागा मला हमरस्त्यावरच्या एका फलकाने दाखवली. "शंभर टक्के हमी." एक बंगला, खिडक्यांना दुहेरी गज. चालक गृहस्थ अदबशीर होते. म्हणाले, "सर, पेशंट यायला तयार नसला तरी काळजी करू नका. रात्री गाडी पाठवतो, चार पोरं असतात. तीन महिने भेट नाही, फोन नाही." डॉक्टर कोण, असे विचारताच "बोलावले की येतात" असे उत्तर मिळाले. आतून कोणाचा तरी एकसुरी आकडे मोजण्याचा आवाज येत होता, कवायतीसारखा. मी चहा न घेताच निघालो. ही कोठडीच, फक्त फी घेऊन चाललेली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळी घालणे साफ निषिद्ध केले आहे. दारूच्या आहारी गेलेला माणूसही त्या कायद्याच्या छत्राखाली येतो, आणि स्वतः येऊन दाखल होण्याचा मार्ग त्यात आधी धरला आहे. हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

दुसरी जागा एका आश्रमाची. माणसे भली, अन्न सात्त्विक, पहाटे काकडा. अण्णांसाठी मी तिथेच थांबलो असतो. पण जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला एक गोष्ट सांगितली, ती कुटुंबवत्सल वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय कापतात, भास होतात, फिट येते, आणि क्वचित माणूस दगावतोही. म्हणून पहिला आठवडा औषधाचा, इंजेक्शनाचा आणि रात्रपाळीच्या परिचारिकेचा. भजन, योग, प्रवचन, गप्पा त्यानंतर. "आश्रमात रात्री डॉक्टर असतो का, एवढं विचारून या," त्या म्हणाल्या. नव्हता.

त्यांच्या विभागात सगळे होते, फक्त खाट नव्हती. भिंतीवर सरकारच्या मदतवाणीचा 14446 हा क्रमांक लावलेला होता. त्यावर विचारले तेव्हा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, फी न घेणाऱ्या दोन जागा कळल्या. गडचिरोलीकडे 2016 पासून 'मुक्तिपथ' म्हणून तालुक्या-तालुक्याला उपचाराची सोय चालते, हेही मला या शोधातच कळले. आमच्या बाजूला तसे असते तर वहिनींना माझी गरजच पडली नसती.

वहिनींना ही वही मी वाचून दाखवली. फी, दिवस, नोंदणी यांचे रकाने मी नीट आखले होते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले. "मारत नाहीत ना? आणि परत आल्यावर पुढं कुणाला विचारायचं?" मी कबूल करतो की दुसऱ्या प्रश्नाचा रकाना माझ्या वहीत नव्हता. पुन्हा सगळीकडे फोन केले. घरी गेल्यावर काय, याचे सरळ उत्तर पाचांपैकी दोघांनीच दिले: दर आठवड्याला जवळच्या शहरात बैठक, घरच्यांसाठी वेगळी. त्यांतली जी जवळ होती ती आम्ही ठरवली.

अण्णांना सांगायचे काम माझ्याकडे आले. तीन दिवस मी त्यांच्याकडे सकाळी सातला जात होतो, कारण ते शुद्धीवर असण्याची वेळ तेवढीच. पहिल्या दिवशी ते संतापले. दुसऱ्या दिवशी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कोंडून ठेवतात काय रे?" मी म्हटले, "नाही. तुमची सही लागते." यावर बराच वेळ गेला. मग त्यांनी चष्मा कुठे आहे असे विचारले.

पौषातल्या एका सोमवारी आम्ही तिघे एस. टी. ने गेलो. टेबलामागे पन्नाशीचा एक माणूस होता. तो स्वतः चौदा वर्षांपूर्वी तिथे दाखल झाला होता असे नंतर कळले. त्याने छापील फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, किती वर्षे, रोज किती. मग तो म्हणाला, "कारण?" माझ्या छातीत धस्स झाले. डाव्या पानावरचा तो पोलीस मला समोर दिसला. वहिनी खाली पाहत होत्या. अण्णा म्हणाले, "ते मलाच नीट माहीत नाही." त्या माणसाने मान हलवली, रकाना मोकळा सोडला आणि पुढचा प्रश्न विचारला.

अण्णा पाच आठवडे राहिले. गौरी-गणपतीत एकदा घसरले, तीन दिवस. चौथ्या दिवशी स्वतःच बैठकीला गेले. त्यानंतर आजपर्यंत ठीक आहेत. परवा वहिनींचा फोन आला. चकल्यांची भाजणी दळून आणलीत का, असे आमच्या मंडळींना विचारून झाल्यावर त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. म्हणाल्या, "भावोजी, वसुबारसेला यांची बैठक आहे. मला तळणातून निघवणार नाही. तुम्ही जाल का सोबत?"