नाण्यावर ठसा राजाचा, मोल कोणाचे?

सुरगाण्यातील आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "इतिहासात आमची माणसं कुठं आहेत?" उत्तर शोधायला आम्ही आपल्याच जिल्ह्यातली नाणी समोर ठेवली.

1906 साली जोगलटेंभी येथे 13 हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. मजकूर ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. यांतील 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला: तीन कमानींचा डोंगर, उज्जैन चिन्ह आणि स्वतःचे नाव. त्याने ही नाणी वितळवली नाहीत, पराभूताच्या चेहऱ्यावरच आपले नाव उमटवले. अक्षर न येणाऱ्यालाही बाजारात कळावे, की आता सत्ता कोणाची.

अनेक जण इथेच विजयाचा जयजयकार करून थांबतात. आपण थांबायचे नाही.

त्रिरश्मी लेण्यांतील 10 क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे 3 हजार कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांतील 2 हजारांवर दरमहा शेकडा 1 व्याज, म्हणजे वर्षाला 240. त्यातून 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. दानशूर म्हणून नाव उषवदाताचे कोरले गेले, पण हे व्याज उभे राहिले विणकरांच्या मागावर. त्यांच्यापैकी एकाचेही नाव तिथे नाही.

आणि सातकर्णी? 3 क्रमांकाच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख त्याला क्षहरातांचा निःपात करणारा म्हणतो आणि त्याच दमात चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणाराही म्हणतो. ते लेणे भिक्खूसंघाला दान दिलेले आहे! म्हणजे संघाला दान देणारे राजघराणेही वर्णव्यवस्था राखल्याचा अभिमान मिरवत होते. नाण्यावरचा ठसा बदलला, श्रमाची उतरंड तशीच राहिली.

बाबासाहेबांनी 1923 च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाचे स्थैर्य त्याच्या क्रयशक्तीत शोधले. प्रश्न तोच: या पैशातून माणसाच्या हाती काय येते? सुरगाण्यातून दरवर्षी द्राक्षबागांवर मजुरीला जाणाऱ्या आपल्या माणसांनी इतिहासालाही हाच प्रश्न विचारावा. नाणे कोणाच्या नावाचे, हे राजाने सांगितले. ते कोणाच्या घामाचे, हे आपण सांगायचे आहे.

जय भीम!