दार उघडायचं कोणी? कलावंतांनीच चालवलेली एक गॅलरी

आजचा प्रश्न साधा आहे. नव्या कलावंताचं काम बघण्याजोगं आहे की नाही, हे ठरवायचं कोणी? आपण म्हणतो, गॅलरीचा मालक, संग्रहालय, समीक्षक. पण त्यांचीच नजर एका बाजूला झुकलेली असेल तर?

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाचं १९६९ चं वार्षिक प्रदर्शन घ्या. कलावंत १४३, त्यांत स्त्रिया किती? फक्त ८. याविरुद्ध निदर्शनं झाली. काही जणींनी मात्र आणखी एक वाट धरली. बार्बरा झुकर आणि सुसान विल्यम्स यांनी समीक्षिका लूसी लिपार्ड यांच्याकडचा स्लाइड्सचा संग्रह पाहिला, स्टुडिओ पालथे घातले आणि वीसजणी एकत्र आल्या. सप्टेंबर १९७२ मध्ये ९७ वूस्टर स्ट्रीटवर त्यांची गॅलरी उघडली. नाव ठेवलं ए.आय.आर.

हे नाव कुठून आलं? त्या भागातल्या जुन्या कारखान्यांच्या इमारतींत कलावंत राहत. आग लागली तर आत माणूस आहे हे बंबवाल्यांना कळावं, म्हणून दारावर ही तीन अक्षरं लावत. अर्थ, 'निवासी कलावंत'. आत कोणीतरी आहे, एवढंच सांगणारी पाटी!

जागेची डागडुजी त्यांनी स्वतः केली. वर्गणी काढली, निर्णय बैठकीत घेतले. प्रदर्शनात काय मांडायचं हे जिची तिने ठरवायचं. बाजारात खपेल का, ही अट नाही. नॅन्सी स्पेरोंची कागदावरची अस्वस्थ करणारी लांबच लांब चित्रं १९७३ मध्ये इथेच लागली.

आता खरा पेच बघा. कांट म्हणतो, स्वायत्तता म्हणजे स्वतःच स्वतःला नियम घालून देणं. पण 'स्वतः' म्हणजे कोण? वीसजणींत बहुतेक गोऱ्या होत्या. हॉवर्डिना पिंडेल ही कृष्णवर्णीय चित्रकार त्यांत होती, पण अपवादासारखी. १९८० मध्ये क्यूबात जन्मलेली आना मेंदिएता, जपानची काझुको मियामोतो आणि आपल्या अलीगढची झरीना यांनी याच गॅलरीत तिसऱ्या जगातून आलेल्या अमेरिकावासी स्त्री-कलावंतांचं प्रदर्शन भरवलं. अमेरिकेतली स्त्रीमुक्ती चळवळ मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गाची आहे, असं मेंदिएतानं त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं. म्हणजे ज्यांना बाहेर ठेवलं होतं, त्यांच्याही दाराबाहेर कोणी उभं होतंच.

मला यात संस्थेचा पराभव दिसत नाही. ही टीका त्याच भिंतींवर मांडता आली, ही मोठी गोष्ट आहे. पुढे १९९३ पासून नवोदित स्त्री-कलावंतांसाठी त्यांनी फेलोशिप सुरू केली. गॅलरीच्या जागा बदलल्या, आज ती ब्रुकलिनमध्ये चालू आहे.

तेव्हा कलावंतांनी स्वतः संस्था चालवली म्हणजे न्याय आपोआप होतो, असं समजू नये. निवडणारा बदलला तरी निवड उरतेच. फरक एवढाच की निवडणारीला उद्या त्याच बैठकीत समोरासमोर जाब द्यावा लागतो. आपल्याकडे तरुण चित्रकार मिळून जागा भाड्याने घेतात, तेव्हा भाड्याचा हिशेब ते करतातच. आपण कोणाला बोलावलं नाही, हाही हिशेब त्यांनी ठेवावा.