मुका नाही, बहिरा नाही, मग ह्या लेकराचं काय?

आपल्या नांदेड-लातूरकडं लेकरू तीन वर्षांचं होऊनही बोलेना झालं की घरोघरी तेच ऐकू येतं. "याचा बापबी उशिराच बोलला." "वेखंड उगाळून जिभेला लावा." "जीभ जड हाय, सुटंल." बोलणारे मायेनंच बोलतात, पण त्यात मोलाची वर्षं निघून जातात. आणि एकट्या घरच्यांना काय बोलायचं? सरकारलाही हे लेकरू दिसायला लई काळ लागला. तो इतिहास बघा.

मुंबईत 1885 मध्ये मूकबधिरांची शाळा निघाली, देशातली पहिली. शब्द बघा, 'मूकबधिर'. मुका म्हणजे बहिरा असणारच, हे त्यात गृहीत धरलेलं. पण ज्याला चांगलं ऐकू येतं आणि तरी बोलताना अडखळतं, बोबडं राहतं, त्याचं काय? त्याला 'तोतऱ्या' हे नाव मिळालं, उपचार नाही.

वाचा-उपचाराचं शिक्षण देशात सुरू झालं ते 1963 मध्ये, मुंबईच्या नायर रुग्णालयात. 1965 मध्ये म्हैसूरची राष्ट्रीय संस्था आली. 1983 मध्ये वांद्र्याला अली यावर जंग संस्था उभी राहिली. हे अली यावर जंग हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, पुढं महाराष्ट्राचे राज्यपाल. 1956 पर्यंत नांदेडही हैदराबाद राज्यातच होतं. म्हणजे माणूस आपल्या जुन्या मुलखातला, संस्था मात्र मुंबईत! तिचं एक केंद्र सिकंदराबादला आहे, तेच आपल्याला जवळ.

आता कायदा. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. श्रवणदोष होता, वाचादोष वेगळा नव्हताच. 2016 च्या कायद्यानं प्रकार 21 केले, त्यात 'वाचा व भाषा' आली. पण अट अशी की दोष कायमचा हवा आणि कारण शारीरिक किंवा मेंदूशी निगडित हवं. म्हणून नुसतं उशिरा बोलणाऱ्या किंवा अडखळणाऱ्या बहुतेक लेकरांना प्रमाणपत्र मिळत नाही.

इथंच बरेच आईबाप हात टेकतात. प्रमाणपत्र नाही म्हणजे उपचार नाही, असं वाटतं. तसं नाही! प्रमाणपत्र सवलतींसाठी असतं, उपचारासाठी त्याची गरज नाही.

2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची तपासणी मोफत. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. जन्मतः बहिरेपण, दुभंगलेले ओठ-टाळू, उशिरा बोलणं हे सगळं त्यात येतं. टाळूच्या मोफत शस्त्रक्रियांचं मोठं काम तर लातूरलाच डॉ. विठ्ठल लहाने यांनी केलंय. पण टाळू शिवली म्हणजे बोलणं आपोआप सुधारतंच असं नाही. त्यापुढं कितीतरी लेकरांना वाचा-उपचार लागतो.

म्हणून दोन कामं करा. लेकरू दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर आधी कानाची तपासणी करून घ्या, मग वाचा-उपचारतज्ज्ञाकडं जा. आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात हे तज्ज्ञाचं पद भरलंय का, ते आपल्या लोकप्रतिनिधीला विचारा. रस्त्याचं विचारतो, पाण्याचं विचारतो, तसंच हेही विचारायचं. ज्याला स्वतःला मागता येत नाही, त्याच्यासाठी आपणच बोलायला पाहिजे.