तबकडीवाचकाचे नामांतर

लिनक्स ह्या संगणकप्रणालीला तबकडीवाचक ‘सापडत नाही’, ही तक्रार जुनी आहे. तिचा अर्थ मात्र काळानुसार पालटत गेला आहे. प्रथम ती यंत्राच्या पत्त्याविषयी होती. पुढे ती बहुतांशी नावाविषयी झाली. हा भेद ध्यानात न घेतल्यास धडधाकट यंत्र निकामी म्हणून टाकले जाते, आणि विभागाच्या कपाटातील प्रबंधांच्या व बोलींच्या ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या मुक्या होऊन बसतात.

लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केली. भारतात तिचा प्रसार झाला तो मुख्यतः तबकडीच्या द्वारे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांस खुले केले ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे. नागपूर त्यांत नव्हते. शिवाय सेकंदास ९,६०० बिट ह्या वेगाने ६५० मेगाबाइटांची एक तबकडी उतरवून घ्यावयाची, तर दूरध्वनी सहा दिवसांहून अधिक काळ अखंड चालू ठेवावा लागता. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची तबकडी दिली, तिचे मोल ह्यावरून कळावे. पण अडचण अशी की, ज्या यंत्राने प्रणाली वाचावयाची, तेच प्रणालीला दिसत नसे. त्या वेळचे अनेक वाचक ध्वनिपत्रास जोडलेले असत. मित्सुमी, सोनी, पॅनासोनिक ह्यांची जोडणी परस्परांहून भिन्न, प्रत्येकीचा चालक निराळा, आणि यंत्राचा पत्ता पुष्कळदा वापरणाऱ्यानेच आरंभी सांगावयाचा. पत्ता चुकला की यंत्र नाहीसे!

दशकाच्या मध्यास ‘अटॅपी’ हे समान मानक आले व ही अनवस्था संपली. आता नाव स्थानावरून पडू लागले. पहिल्या वाहिनीवरील दोन यंत्रे ‘एचडीए’ व ‘एचडीबी’, दुसरीवरील ‘एचडीसी’ व ‘एचडीडी’. वाचक बहुधा ‘एचडीसी’ असे. परंतु २००१ च्या २.४ ह्या आवृत्तीत तबकडी लिहावयाची झाल्यास त्याच यंत्राला स्कझी जातीचे सोंग घ्यावे लागे, आणि मग त्याचे नाव ‘एसआर०’ होई. २.६ मध्ये हे सोंग अनावश्यक ठरले. पुढे २००६-०७ च्या सुमारास ‘लिबएटीए’ हा चालकसंच रूढ होऊ लागला, तेव्हा ‘एचडीसी’ जाऊन ‘एसआर०’ हेच नाव कायम झाले. जुना चालकसंच २०२१ मध्ये ५.१४ ह्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला.

हा अर्थविस्ताराचाच प्रकार होय. ‘तैल’ मूळचे तिळाचे. आज करडईचेही तेल आणि खोबऱ्याचेही तेलच. त्याचप्रमाणे ‘एसआर’ मूळचे स्कझी वाचकाचे. आज यूएसबीने जोडलेल्या बाह्य वाचकासही तेच नाव मिळते. जो ‘एचडीसी’चाच शोध घेतो, त्याला समोरचे यंत्र दिसत नाही.

ह्या इतिहासावरून तपासाचा क्रम सहज ठरतो. संगणक सुरू होताना बायॉसलाच वाचक दिसत नसेल, तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. वीज, तार, आणि जुन्या यंत्रात जंपरची जागा पाहावी. बायॉसला दिसत असेल, तर ‘डीमेसेज’च्या नोंदींत गाभ्याने त्याला कोणते नाव दिले ते शोधावे. नाव सापडल्यावर ‘एफएसटॅब’ ह्या यादीत जुने नाव राहून गेले आहे काय, हे पाहावे. प्रणालीची नवी आवृत्ती घेतल्यानंतर पूर्वी दोष पुष्कळदा येथेच निघे.

बोलींच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. ध्वनिमुद्रणाच्या तबकडीवर संचिकांची व्यवस्थाच नसते, त्यामुळे ती साध्या तबकडीप्रमाणे ‘माउंट’ होत नाही. तेथे वाचक निर्दोष असतो आणि तबकडीही; ध्वनी काढून घेणारा स्वतंत्र कार्यक्रम तेवढा लागतो.