साधारण खात्याची तूट : एक जुना प्रश्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत प्रतिष्ठा-महोत्सवांचा, पूज्य गुरुभगवंतांच्या चातुर्मासांचा आणि दानशूर परिवारांच्या सुकृताचा इतिहास येतो आणि तो यावयासच हवा. प्रस्तुत लेखात मात्र ज्या खात्याच्या नावे सहसा शिलालेख लागत नाही, त्या साधारण खात्याचा इतिहास सकल श्रीसंघापुढे ठेवण्याचे योजिले आहे. निमित्त उघड आहे. मार्चअखेर जवळ आली की आपल्या ट्रस्टच्या बैठकीत दरवर्षी एकच विषय निघतो : साधारणातील तूट कशी भरून काढावयाची? विश्वस्त मंडळी ती आपापसांत वाटून घेतात, वर्ष निभावते आणि पुढच्या मार्चमध्ये तोच विषय पुन्हा पटलावर येतो.

संघातील तरुण मंडळी विचारतात की, पर्युषणात एवढे चढावे होतात, मग तूट कशी? प्रश्न रास्त आहे. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसालाही एकाच ताळेबंदात भरघोस शिल्लक आणि तूट शेजारी शेजारी पाहून प्रथम नवल वाटते. उत्तर आपल्या सात क्षेत्रांच्या व्यवस्थेत आहे. जिनप्रतिमा, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका ही ती सात क्षेत्रे. खालच्या क्षेत्राचे द्रव्य वरच्या क्षेत्रात वापरता येते, वरच्याचे खाली आणता येत नाही. साधारण द्रव्य सातही क्षेत्रांत चालते, म्हणूनच त्यावर सर्वांचा भार पडतो. उपाश्रयाचे वीजबिल, झाडलोट, नगरपरिषदेचा कर, उकळलेल्या पाण्याची व्यवस्था, मुनीमजींचा पगार, हे सारे तेथूनच. पुजाऱ्याचा पगार आणि केसर-चंदनदेखील श्रावकांनी स्वद्रव्यातून करावे, अशी शास्त्राची अपेक्षा आहे. चढाव्याची रक्कम मात्र देवद्रव्यात जाते.

हा पेच आपल्या गावाचा नाही, तसा आजचाही नाही. १९२० च्या सुमारास आचार्य विजयधर्मसूरीश्वरजींनी देवद्रव्यावर लेखन करून असा विचार मांडला होता की, बोलीची प्रथा संघाने सुरू केलेली असल्याने तिचे उत्पन्न साधारणात नेण्याचे संघ ठरवू शकतो. त्यावर मोठा वाद झाला आणि अनेक आचार्यांनी कडाडून विरोध केला. पुढे १९३४ मध्ये (विक्रम संवत १९९०) अहमदाबाद येथे श्वेतांबर मूर्तिपूजक मुनिसंमेलन भरले. मंदिरात असो वा मंदिराबाहेर, प्रभूच्या निमित्ताने जी बोली बोलली जाईल ती देवद्रव्यच, असा निर्णय तेथे झाला.

तरी खर्च थांबत नाहीत. १९३८ मध्ये, म्हणजे संवत १९९४ मध्ये, मुंबईच्या सांताक्रूझ संघापुढे नेमका आपलाच प्रश्न उभा राहिला. त्या काळी बोली रुपयांत नव्हे, तुपाच्या मणांत बोलली जात असे. ‘इतके मण घी’ असा पुकारा व्हावयाचा आणि मणाचा दर संघाने ठरवून दिलेला असावयाचा. तूप कोणी आणीत नसे, दराने रक्कम भरावयाची. सांताक्रूझला हा दर मणामागे अडीच रुपये होता. साधारणातील खर्च भागेना, तेव्हा स्वप्नांच्या बोलीचा दर अडीचचा पाच करावा आणि वाढीव अडीच रुपये साधारणात घ्यावेत, अशी योजना पुढे आली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने युक्ती बिनतोड होती. देवद्रव्याचे अडीच रुपये जागच्या जागी राहत होते आणि साधारणाची सोय होत होती. संघाचे मोठेपण असे की, योजना परस्पर अमलात न आणता त्याने निरनिराळ्या आचार्य-भगवंतांना पत्रे लिहून विचारणा केली. उत्तरांचा सूर एकच होता. देणारा पाच रुपये प्रभूच्या निमित्ताने देतो, तेव्हा पाचही रुपये देवाचे. साधारण हवे असेल तर त्यासाठी स्वतंत्र टीप करा.

मला या पत्रव्यवहाराचे महत्त्व फार वाटते. आपल्या बैठकीत दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी अशीच युक्ती सुचवितो आणि ती नवीन आहे असे त्याला वाटते. देवद्रव्यातून उचल घेऊन मार्च निभवावा आणि एप्रिलमध्ये पाहू, असेही सुचविले जाते. ते व्हावयाचे नाही, व्हावयासही नको. (स्थानकवासी बांधवांकडे मूर्तिपूजा नसल्याने देवद्रव्याचा प्रश्नच उद्भवत नाही. स्थानकाचा खर्च संघाने थेट उचलावयाचा, एवढाच हिशेब. या एका बाबतीत त्यांचा हेवा वाटावा अशी परिस्थिती आहे.)

कायद्याची बाजूही हेच सांगते. चाळीसगाव तेव्हा मुंबई राज्याच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात होते. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली झाला, तेव्हा धार्मिक निधी मूळ हेतूऐवजी अन्य कामाकडे वळविण्याचा मार्ग त्यात होता. रतिलाल पानाचंद गांधी या जैन मंदिराच्या वहिवाटदारांनी त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च १९५४ रोजी अधिनियमाचा बराच भाग वैध ठरविला, परंतु धार्मिक न्यासाचा निधी त्याचा मूळ हेतू पार पाडणे शक्य असताना अन्यत्र वळविण्याचा अधिकार मान्य केला नाही. ज्या कुलपासाठी आपला समाज दिल्लीपर्यंत गेला, ते मार्चअखेरच्या सोयीसाठी आपणच उघडावे हे शोभणारे नाही.

मग पूर्वी कसे भागत असे? माझ्या मते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे धर्मादा. कापूस असो, धान्य असो वा कापड, बिलाच्या तळाशी धर्मादा लागत असे. ग्राहक देई, व्यापारी वेगळा जमा ठेवी आणि त्यातून पांजरापोळ, पाणपोई, धर्मशाळा यांस आधार मिळे. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात दिला. त्यातून गावाच्या पुष्कळ कामांना हातभार लागे, त्यामुळे श्रावकाच्या खिशातील रुपया संघासाठी मोकळा राहत असे. संगणकावरील बिले आली, २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि ती ओळ बिलावरून जवळजवळ पुसली गेली.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या वह्या दिवाळीच्या होत्या. आश्विन अमावस्येला, प्रभू महावीरांच्या निर्वाणदिनी, वर्ष संपत असे. पर्युषण त्याआधी दोन महिने. चातुर्मास चालू, गुरुभगवंत उपाश्रयात, सकल संघ व्याख्यानाला हजर. तूट दिसताच ती संघासमोर वाचली जाई आणि टीप तेथेच भरली जाई. प्राप्तिकर कायद्यातील दुरुस्तीने १९८९ पासून सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले आणि दिवाळीच्या वह्या पूजनापुरत्या उरल्या. आता वर्ष संपते तेव्हा उपाश्रय रिकामा असतो. लग्नसराईची खरेदी दारात, मुलांच्या परीक्षा, दुकानात स्वतःचीच मार्चअखेर! महावीर जन्मकल्याणकही बहुतेक वर्षी एप्रिलमध्येच येते. तूट कळते ती केवळ विश्वस्तांना आणि हिशेबनिसांना.

या व्यवस्थेचा खरा कस २०२० आणि २०२१ मध्ये लागला. महामारीमुळे दोन्ही वर्षी पर्युषणात महाराष्ट्रातील मंदिरे भाविकांसाठी बंद होती. २०२१ मध्ये तर पर्युषण तोंडावर आले असताना ३१ ऑगस्टला तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराचे पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरले. भिजलेल्या मालाचे ढीग दुकानांसमोर पडलेले असताना संघासाठी कोणाकडे कोणत्या तोंडाने मागावयाचे? तथापि प्रभूची पूजा एक दिवसही खंडित होत नाही, पुजाऱ्याचा पगार थांबत नाही, विजेचे बिल येतेच. बंद दारांमागे जो खर्च होतो, तो सगळा साधारणाचा.

प्रबंधग्रंथांतून भीम कुंडलियाची कथा येते. बाराव्या शतकात मंत्री वाग्भटाने शत्रुंजयाच्या जीर्णोद्धाराची टीप केली. तेव्हा तूप विकणाऱ्या भीमाने आपल्याजवळचे सातच द्रम्म, परंतु सर्वच्या सर्व, दिले आणि मंत्र्याने कोट्यधीशांच्या आधी त्याचे नाव लिहिले. वाग्भटाला हिशेब कळत होता, असे मला वाटते. मोठ्या रकमा मंदिर उभे करतात, परंतु यादीत सर्व घरे आली तरच ते पुढे चालते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक सूचना श्रीसंघापुढे नम्रपणे ठेवतो. फाल्गुन चौमासी चतुर्दशी होळीच्या सुमारास, म्हणजे ३१ मार्चपूर्वीच येते. त्या दिवशी प्रतिक्रमणास संघ जमतोच. त्याच वेळी साधारण खात्याचा जमाखर्च सर्वांसमोर वाचावा आणि तुटीची टीप तेथेच उघडावी. बोली नको, नावाची फरशी नको. प्रत्येक घराने आपल्या शक्तीप्रमाणे लिहावे. पुण्या-मुंबईस, सुरतेस गेलेल्या मुलांनीही आपल्या वडिलांच्या घराच्या नावाखाली लिहावे. नावे अकारविल्हे असावीत, रकमेच्या क्रमाने नसावीत. विश्वस्त मंडळाने मान्यता दिल्यास येत्या चौमासीपूर्वी आठ दिवस टीपवही पेढीवर मुनीमजींकडे ठेवता येईल, म्हणजे ज्यांना त्या दिवशी येणे शक्य नाही त्यांनाही आधी लिहिता येईल.